निबंध मुलानंच लिहिलाय का? एआय तपासनीस, शैलीमापन की समोर बसवून लेखन

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा… हिवाळा आला की बेळगाव तालुक्यात गावोगावी मराठी साहित्य संमेलनांचे मांडव पडतात. त्यांच्या आगेमागे निबंध स्पर्धाही होतात. घरून लिहून आणलेला निबंध हातात पडला की परीक्षकांना हल्ली एकच शंका येते: हे पोरानं लिहिलं की चॅटजीपीटीनं? त्यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं का, या विचारात असलेल्या आयोजकांसाठी आणि शिक्षकांसाठी हा आढावा.

एआय तपासनीस वापरायला सगळ्यात सोपा. या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवायचा की यंत्रानं किती लिहिलं असावं याचा टक्का हजर. पुढचा शब्द कोणता येणार हे यंत्राला जितकं सहज ओळखता येतं, तितका संशय वाढतो, असा बहुतेकांचा ढोबळ हिशेब. पण घासूनपुसून लिहिलेली पुस्तकी भाषाही सहज ओळखू येते, त्याला काय करणार? कॉम्प्युटर गावात यायच्या आधीचं एक छापील मानपत्र मी टाइप करून अशा एका फुकटच्या तपासनीसाला दिलं. निकाल आला, ‘बहुतांश यंत्रलिखित’. मानपत्राची भाषा ठरीव असते हे कबूल, पण शाळकरी निबंधाची कुठं वेगळी असते?

इंग्रजीतही याची अब्रू फारशी शिल्लक नाही. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा तपासनीस आणला. कंपनीच्याच चाचणीत त्यानं यंत्राचे २६ टक्केच मजकूर पकडले आणि माणसांचे ९ टक्के मजकूर यंत्राच्या नावावर घातले. जुलैत तो गुंडाळला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परक्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, परीक्षा देणाऱ्यांचे ९१ निबंध सात तपासनीसांतून काढले. त्यातले सरासरी ६१ टक्के यंत्रलिखित ठरले. शब्दसंग्रह बेताचा, वाक्यं साधी, एवढाच त्या निबंधांचा गुन्हा.

आपल्याकडे हे जास्त बोचतं. घरी कन्नड किंवा उर्दू आणि शाळेत मराठी अशी मुलं खानापूर, निपाणीकडे किती आहेत! ‘मी जातो की’, ‘करालोय’ ही बोली खोडून बाईंनी सांगितलेली शुद्ध वाक्यं जो मन लावून लिहितो, तोच तपासनीसाच्या तावडीत सापडायची शक्यता जास्त. मराठी निबंधासाठी पैसे मोजून हे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शैलीमापन, म्हणजे लिहिण्याच्या सवयी मोजून लेखक ओळखणं, जुनं आहे आणि मला जास्त प्रामाणिक वाटतं. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली अमेरिकेतल्या अठराव्या शतकातल्या फेडरलिस्ट लेखमालेतले १२ वादग्रस्त लेख हॅमिल्टनचे नव्हे, तर मॅडिसनचे ठरवले, ते किरकोळ शब्द कोण किती वापरतो हे मोजून. मराठीत ‘आणि’ की ‘व’, ‘पण’ की ‘परंतु’ असं मोजता येतं. मात्र शाळेत, शाळेला, शाळेतून हे यंत्राला तीन वेगळे शब्द दिसतात. म्हणून शब्दांपेक्षा तीन-चार अक्षरांचे तुकडे मोजणं बरं. ‘आर’ या संगणक भाषेतलं ‘स्टायलो’ हे साधन त्यासाठी फुकट मिळतं. अडचण एकच, पण मोठी: त्याच व्यक्तीचं आधीचं काही हजार शब्दांचं लेखन टाइप केलेलं लागतं. तीनशे शब्दांच्या निबंधावर त्याचं काही चालत नाही. एखाद्या प्रबंधाचं एकच प्रकरण वेगळ्या हाताचं वाटत असेल, तर जरूर वापरा. प्रबंधांसाठीच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांतली १० टक्क्यांची मर्यादा मात्र दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराची आहे, एआयची नव्हे. अनेक जण हे दोन्ही टक्के एकत्र कालवतात.

राहिलं समोर बसवून लिहून घेणं. खर्च काय, तर रेघी कागद आणि दोन पर्यवेक्षक. विषय तिथंच द्यावा, नाहीतर पाठ केलेला निबंध उतरतो. जांबोटी-कणकुंबीच्या मुलांना त्यासाठी एसटीनं बेळगावला आणण्यात अर्थ नाही. तिथल्याच शाळेत केंद्र द्यावं. घरून निबंध मागवायचेच असतील तर कच्चा खर्डा सोबत घ्यावा आणि बक्षिसाच्या यादीतल्या मुलांशी पाच मिनिटं बोलावं. ‘हे वाक्य का खोडलंस?’ एवढं विचारलं तरी पुरे. ज्यानं लिहिलंय तो सांगत सुटतो, आणि बहुतेकदा बेळगावी बोलीतच.