जुन्या बोटीवर नवा प्लॉटर आणि सोनार : उजनीत सहा-सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

नोव्हेंबरात बोटीवर प्लॉटर (जीपीएसवरून बोटीची जागा नकाशावर दाखवणारा) आणि सोनार (आवाज सोडून पाण्याची खोली मोजणारा) बसवला होता. तेव्हाच लिहिणार होतो, पण म्हटलं धरण तुडुंब असताना लिहून काय उपयोग, पाणी उतरल्यावर खरं काय ते कळतं. आता मे लागलाय, उजनी मायनसमध्ये गेलीय, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठा सुरू झालाय, आता लिहितो.

बोट मी आणि आमच्या साडूंनी मिळून घेतली, सेकंडहँड. सव्वीस फुटी फायबरची केबिनवाली मोटर यॉट, आधीचं सगळं आयुष्य समुद्रात गेलेलं. ट्रेलरवर घालून करमाळ्याच्या बाजूला कुगावला आणली. घरची माणसं, पाव्हणे, पक्षी बघणारे मित्र, एवढ्यांनाच नेतो. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमच्या पॅनलची कामं करतो, त्यामुळे वायरिंग बाहेर द्यायचा प्रश्नच नव्हता.

आधीचं सामान म्हणजे ब्लॅक अँड व्हाईट जीपीएस प्लॉटर, वेगळा फिशफाइंडर (मासे शोधायचा साधा सोनार), वर छतावर रडार. रडार पहिल्याच दिवशी उतरवला, इथं त्याचं काही काम नाही आणि छतावर वजन नको. प्लॉटर चालू होता, जागा पण बरोबर दाखवायचा, फक्त तारीख एकोणीस वर्षं साडेसात महिने मागची. साडू म्हणाले बॅटरी गेली असेल. तसं नसतं. जुन्या जीपीएसमध्ये आठवड्याचा आकडा १० बिटचा असतो, १०२४ आठवडे झाले की परत शून्यावर येतो, ते एप्रिल २०१९ मध्ये झालं, आणि ज्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय नाही ती मशीन तेवढीच मागची तारीख दाखवत राहते. त्यात नकाशा मुंबईच्या समुद्राचा, बॅकलाइट गेलेली, नकाशाचं नवीन कार्ड मिळत नाही. दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

नवीन घेतलं ते सात इंची, प्लॉटर आणि सोनार एकाच स्क्रीनमध्ये, ट्रान्सड्युसरसकट (सोनारचा पाण्यात आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) ऐंशी हजारांच्या आत बसलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते मोठ्या कंपन्यांत थोड्याफार फरकानं सारखंच आहे. घेताना एकच गोष्ट बघा, त्यात आपला आपण खोलीचा नकाशा बनवायची सोय पाहिजे. गार्मिनमध्ये त्याला क्विकड्रॉ म्हणतात, बाकीच्यांची नावं वेगळी. समुद्राचे नकाशे आपल्याकडं डेहराडूनचं हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं, पण धरणाचा असा नकाशा कोण काढणार? स्क्रीनवर उजनी म्हणजे नुसता एक निळा डाग. आणि त्या निळ्या डागाखाली गावं आहेत, विहिरी आहेत, देवळं आहेत, बाभळी आहेत. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं हे सगळ्यांना माहितीये, कुगावचा इनामदारांचा वाडा पण तसाच. वर आल्यावर बघायला गर्दी होते, पण बोटीला भीती असते ती त्याच्या आधीच्या महिन्या-दीड महिन्यात, जेव्हा भिंत पाण्याच्या हातभर खाली असते आणि वरून काहीच दिसत नाही.

बसवताना काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हेच कुठं लिहिलेलं मिळत नाही. ट्रान्सड्युसर आधी आतून लावायचा विचार होता, बोटीला भोक नको म्हणून. फायबरच्या तळातून आवाज जातो, फक्त मधे हवा नको. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून, पिशवी तळावर ठेवून त्यात ट्रान्सड्युसर दाबून धरायचा, अशी ट्रायल घेतली, एपॉक्सी लावायच्या आधी अशी ट्रायल सगळ्यांनी घ्यावी. खोली व्यवस्थित आली, पण तळाचं बारीक चित्र दाखवणारं स्कॅनिंग सगळं धूसर, आणि पाण्याचं तापमान येणार नव्हतंच. मला झाडाचं खोड आणि भिंत यातला फरक बघायचा होता, म्हणून शेवटी मागच्या फळीवर बाहेरून लावला, इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यापासून लांब, बुडबुडे येणार नाहीत अशा जागी. त्याचा त्रास एकच, जलपर्णीची मुळं गुंडाळतात. आकडा अचानक गायब झाला की समजायचं मागं झाडपाला अडकलाय. प्रत्येक फेरीनंतर हातानं पुसतो.

दुसरा त्रास वायरिंगचा. इंजिन स्टार्ट केलं की स्क्रीन बंद होऊन परत चालू व्हायची, आणि तेवढ्यात रेकॉर्डिंग थांबायचं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला मशीन बदलून घ्या. मी मीटर लावला, स्टार्टर फिरताना स्क्रीनच्या पिनवर नऊ व्होल्ट सुद्धा राहत नव्हते. जुनी वायर थोडी सोलून बघितली तर आतलं तांबं काळं पडलेलं, चिमटीत धरलं की भुगा होत होता. खाऱ्या हवेतली बोट घेत असाल तर स्क्रीन कुठली घ्यायची हा विचार नंतर करा, आधी वायर सोलून बघा. सगळी जुनी वायर काढून टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर टाकली, ती सोलापुरात मिळाली नाही, मुंबईहून मागवली, जोड क्रिम्प केले, वेगळा फ्यूज, आणि इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी दुसरी बॅटरी. त्या दिवसानंतर एकदाही रीस्टार्ट नाही.

हेडिंग सेन्सर पण लावलाय, एनएमईए २००० च्या केबलवर (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणारी केबल). जीपीएसला दिशा कळते ती बोट चालत असताना, पक्षी बघायला इंजिन बंद करून थांबलं की स्क्रीनवरचा बाण गरगर फिरतो, म्हणून सेन्सर पाहिजे. तो पहिले दोन आठवडे मधेच दिसायचा मधेच जायचा. सप्लाय बंद करून डेटाच्या दोन पिनांमधे मीटर धरला तर १२० ओहम. केबलच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) असले की ६० यायला पाहिजे. एक टर्मिनेटर किटमधून आलाच नव्हता!

आता मुद्द्याचं. डिसेंबर-जानेवारीत दर रविवारी जाऊन मी पट्टे मारल्यासारखी बोट फिरवून नकाशा बनवला, आणि फेब्रुवारीत तो सगळा पुसून टाकला. चूक माझीच होती. सोनार खोली मोजतो ती आजच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून. पण उजनीचं पाणी रोज उतरतं. पूर्ण भरलेली पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठा सुरू होतो ४९१.०३ ला, म्हणजे मायनसमध्ये जायच्या आधीच ५.८ मीटरचा फरक पडतो. मी वेगवेगळ्या पातळीला घेतलेल्या रेषा एकमेकींत मिसळल्या होत्या, एकाच बांधाच्या दोन पायऱ्या दिसत होत्या. सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग ऑफसेट म्हणून असतो, म्हणजे मोजलेल्या खोलीत मिळवायचा फरक, तो मी बघितलाच नव्हता. आता निघायच्या आधी त्या दिवसाची पातळी बघतो. समजा ४९४.३३ आहे, म्हणजे पूर्ण पातळीपेक्षा अडीच मीटर खाली, तर तेवढा ऑफसेट टाकतो, म्हणजे नकाशा कायम भरलेल्या धरणाच्या हिशोबात साठतो. बघताना डिस्प्ले ऑफसेटमधून तेवढंच वजा करायचं. समुद्रातल्या लोकांना भरती-ओहोटी असते, आपल्याला कालव्याचं आवर्तन.

तरी सोनार बोटीच्या खाली बघतो, पुढं नाही, हे डोक्यात पक्कं पाहिजे. मार्चमधली गोष्ट. आमच्याबरोबर मामा असतात, गावातले मासेमारी करणारे, साठीच्या पुढचे. स्क्रीनवर ५.६, ५.५, ५.६ असं निवांत चाललेलं. मामा पुढं बसून विडी शिलगावत होते, मान पण वर न करता म्हणाले, "दादा, उजवं घ्या. डाव्या अंगाला भित हाय." मी सुकाणू वळवलं आणि तीन-चार सेकंदांनी आकडा २.१ झाला, अलार्म वाजला. अलार्म वाजेपर्यंत आम्ही तिच्या कडेवर होतो. ताशी दहा किलोमीटरच्या स्पीडला दहा सेकंदात बोट अठ्ठावीस मीटर जाते.

त्या दिवसापासून काम उलटं केलं. मामा हातानं जागा दाखवतात आणि मी मार्कचं बटण दाबतो. "हितं पाटलाची विहीर." दाबलं. "हितं चिंच व्हती, खोड राहिलंय." दाबलं. "हितनं जुनी गाडीवाट, हितं काय भ्या न्हाई." तेही दाबलं, हिरव्या रंगात. आतापर्यंत त्रेसष्ट खुणा झाल्यात, आणि नंतर स्कॅनिंगनं तपासल्या त्यातल्या बहुतेक पंधरा-वीस मीटरच्या आत बरोबर निघाल्या. चाळीस-पन्नास वर्षं डोक्यात ठेवलेला नकाशा आहे तो, धरण भरायच्या आधी मामा त्याच वाटेनं शाळेत जायचे. माझ्या मते ऐंशी हजारांची खरी वसुली या त्रेसष्ट खुणांत झाली. घरी बसून अजून एक करता येतं, गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रं बघायची सोय आहे, दुष्काळी उन्हाळ्यातलं चित्र काढलं की रस्ते आणि भिंती उघड्या दिसतात, तिथले पॉइंट जीपीएक्स फाईलमधून (जीपीएसच्या खुणांची फाईल) प्लॉटरमध्ये टाकता येतात.

बारीकसारीक सांगायचं तर उन्हात स्क्रीन चांगली दिसते, पण पोलराइज्ड गॉगल घातला की एका कोनात काळी पडते, तो कोन बघून ब्रॅकेट फिरवा. ओल्या बोटांनी टच नीट चालत नाही, बटणंवालं मिळालं तर ते घ्या. उन्हाळ्यात स्क्रीन बोटीवर सोडत नाही, काढून पिशवीत घालून घरी आणतो.

आणि वाऱ्याला हे यंत्र काही करू शकत नाही. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली. त्या काठावर आम्ही बोट बांधतो. दुपारनंतर ढग दिसले की स्क्रीन काय सांगतीय ते न बघता मागं फिरायचं, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाव्हणा असला तरी बोटीत घेत नाही.

आता पाणी अजून उतरतंय. वाड्याची वरची भिंत उघडी पडायला लागलीय, पुढच्या रविवारी मी आणि मामा चिखल वाळलेल्या बाजूनं पायी जाणार आहोत, हातात जीपीएस घेऊन, भिंतीचे चारही कोपरे आणि विहिरीचा काठ जागेवर उभं राहून मार्क करायला. फाईल कुणाला हवी असेल तर देतो, फक्त खोलीचे आकडे ४९६.८३ धरून आहेत, तेवढं बघून वापरा.