सीझन तिकीट: जागा झकास, आक्रमणाने वैताग आणला

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं सीझन तिकीट सलग चौथ्या वर्षी घेतलंय. जागा झकास, बँड वाजला की अजूनही अंगावर काटा येतो. पण आक्रमणाचे डाव ठरवणारा कोच डोक्याला ताप झालाय.

परवाचंच घ्या. तिसरा डाउन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा), फक्त 2 यार्ड हवेत. आमचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) तगडा, समोरची फळी दमून कंबरेवर हात ठेवून उभी. चेंडू त्याच्या हातात द्या आणि सरळ घुसा! यांनी काय केलं? बाजूला आडवा स्क्रीन पास (ब्लॉक करणाऱ्यांच्या आडून दिलेला छोटा पास). त्यांचा कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) आधीच सुटला होता, 3 यार्ड मागेच पाडलं. मग पंट, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्यांच्या हवाली. पहिल्या क्वार्टरमध्येही हाच डाव अस्साच फसला होता.

2024 पासून कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या विभागात कोचचा आवाज थेट क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) हेल्मेटमध्ये जातो, प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरेपर्यंत. तरी आमची पोरं साइडलाइनकडे बघत ताटकळतात, टाइमआउट वाया जातात. ब्लॉकिंग करणाऱ्यांचं फार वाईट वाटतं, जीव तोडून खेळतात बिचारी.

5 पैकी 3 तारे. पुढच्या शनिवारी पहिल्याच डाउनला प्ले-ॲक्शन (धावायचं सोंग करून पास) खेळून बघा, एवढंच मागणं आहे.