विकास शुल्काचं चलन: पाचपैकी तीन तारे

खाली झेरॉक्सचं दुकान, वर राहायची जागा, एवढंच बांधायचं होतं. दुकान 24 चौरस मीटर, घर 76. आमच्या इंजिनिअरने नकाशा ऑनलाइन चढवला आणि काही दिवसांनी नगरपरिषदेचं चलन आलं. (नगरपरिषद कुठली ते लिहीत नाही, अजून भोगवटा प्रमाणपत्र मिळायचंय.) विकास शुल्काचा आकडा बघून बायको म्हणाली, "आपण दुकान बांधतोय की विकत घेतोय?"

आधी चांगलं सांगतो. हा हिशेब गुपित नाही. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात 1992 साली सहा-अ प्रकरण घातलं, तिथून हे शुल्क आलं. दर रेडी रेकनरवरून, म्हणजे मुद्रांकवाल्यांच्या बाजारमूल्य तक्त्यावरून धरायचा. घरासाठी जमिनीवर त्या दराच्या अर्धा टक्का, बांधकामावर 2 टक्के. व्यापारी वापर असेल तर दुप्पट. मेट्रोसारखा मोठा प्रकल्प असलेल्या शहरात सरकार हे शुल्क आणखी वाढवू शकतं. आमच्याकडे एसटी वेळेवर आली तरी पुष्कळ.

आता घोळ. रेडी रेकनर उघडला की प्रत्येक विभागापुढे दरांचे रकाने असतात: खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालये, दुकाने, औद्योगिक. आमच्या गल्लीला खुल्या जमिनीचा दर 6,000 आणि दुकानांचा 38,000. कायदा म्हणतो, विकसित जमिनीचा दर धरा, म्हणजे जमिनीच्या रकान्यातला, दुकानांच्या नाही. त्यावर घराच्या बांधकामाला चौरस मीटरमागे 120 रुपये, 76 मीटरचे 9,120. दुकानाला 240, त्याचे 5,760. चलनात घर बरोबर होतं, दुकानापुढे मात्र 36,480! दर उचलला दुकानांच्या रकान्यातला आणि वर 4 टक्के लावले.

टेबलावरचा मुलगा चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. पण म्हणाला, "काका, दुकान आहे म्हटल्यावर दर दुकानाचाच लागणार."

म्हटलं, "साहेब, दुकान म्हणून टक्के दुप्पट लावलेतच ना? मग दरही दुकानाचा घेतला तर एकच बकरा दोनदा कापल्यासारखं झालं."

तो हसला, पण चलन बदलेना. "सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतं." सॉफ्टवेअरमध्ये रकाना कोण निवडतं, हे विचारल्यावर तो चहाला गेला. दुसऱ्या फेरीला मी कायद्याचं ते पान नेलं, 'विकसित जमीन' या शब्दांखाली लाल रेघ मारून. झेरॉक्सवाला असल्याचा एवढा तरी फायदा. तिसऱ्या फेरीला नगररचनाकार मॅडम भेटल्या. त्यांनी पान वाचलं, कॅल्क्युलेटरवर आकडे मारले आणि मुलाला एवढंच म्हणाल्या, "रकाना बदल." 30,720 रुपये दोन मिनिटांत उतरले. फेऱ्यांत मात्र तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस सळईवाल्याचा दर थांबला नव्हता.

त्याच चलनाबरोबर कामगार उपकर येतो, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का. तो नगरपरिषदेचा नाही, कामगार कल्याण मंडळाकडे जातो. त्यावरून टेबलावर भांडू नका.

एक तारा फेऱ्यांचा कापला. दुसरा कापला तो मूळ हिशेबावरच. या सूत्रात रस्त्याला, गटाराला किती खर्च येणार हे कुठेच येत नाही, फक्त तुमच्या जमिनीचा भाव येतो. हे पैसे वेगळ्या विकास निधीत ठेवून सार्वजनिक सोयींवर खर्च करायचे असतात. आमच्या गल्लीतलं गटार उघडं आहे, पावसाळ्यात पाणी दुकानाच्या पहिल्या पायरीपर्यंत येतं. म्हणून जोतं दीड फूट उंच घेतलं. त्याचा भराव माझ्याच पैशाने.