वेनेझिसची पायपीट की लोक्सांद्राचं स्वयंपाकघर?

विस्थापनावरच्या या दोन ग्रीक कादंबऱ्या रंगभूमीवरही आल्या. इलियास वेनेझिसच्या ‘नंबर ३१३२८’ (१९३१) मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या आयवालिक गावचा १८ वर्षांचा ग्रीक पोरगा १९२२ साली, ग्रीस-तुर्की युद्धात, तुर्की श्रमतुकडीत (सक्तीची मजुरी करवून घेणाऱ्या तुकडीत) कैदी होतो. अनवाणी पाय, तहान, नावाऐवजी आकडा. इथे नेपथ्य जवळपास नसलं तरी चालतं, नटाचं थकत जाणारं शरीरच वाट दाखवतं.

मारिया योर्दानिदूची ‘लोक्सांद्रा’ (१९६३) इस्तंबूलमधल्या ग्रीक बाईच्या भरल्या घरात रमते. खाणंपिणं, सणवार, पाहुण्यांची वर्दळ. इस्तंबूलच्या ग्रीकांचं हे जग पुढे उठून जाणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. पहिली कृती हादरवते, तरी मी दुसरीच निवडेन, कारण गमावलेलं घर तिथे डोळ्यांसमोर उभं राहतं. फक्त दिग्दर्शकाने चविष्ट पदार्थांतच अडकू नये.