रायझेन ५ ५६००एक्स: पहिलंच ओव्हरक्लॉकिंग, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, तपशील मागाहून. एएमडीचा रायझेन ५ ५६००एक्स हा मी ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला, पहिला प्रोसेसर. बदललेल्या सेटिंगवर रोजचं काम, गेम, व्हिडिओ एन्कोडिंग असं सगळं आता बरेच महिने चाललंय. वेग वाढला, पण हातात घेताना वाटलं होतं तितका नाही. फरक जाणवतो तो उष्णतेत आणि पंख्याच्या आवाजात, आणि तो मिळाला व्होल्टेज वाढवून नव्हे, उतरवून.

अपेक्षा जास्त होती याचं कारण जुने किस्से. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए आठवत असेल. बस (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारा मार्ग) ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, फुकटात. २०११ चा आय५-२५००के मूळ ३.३ गिगाहर्ट्झचा, पण बऱ्या कूलरखाली तो ४.५ च्या आसपास वर्षानुवर्षं चालवणारे कितीतरी होते. तेव्हा कंपन्या सुरक्षिततेसाठी बरीच जागा राखून वेग ठरवत. आताचा प्रोसेसर ती जागा स्वतःच वापरून टाकतो. ५६००एक्सचा मूळ वेग ३.७ आणि बूस्ट, म्हणजे गरजेला स्वतःहून गाठायचा जाहीर वेग, ४.६ गिगाहर्ट्झ. मधल्या पट्ट्यात कुठे राहायचं हे तो तापमान, वीज आणि करंट पाहून क्षणोक्षणी ठरवतो. रस कारखान्यातच काढून झालेला असतो, आपल्या वाट्याला चोथा पिळणं येतं.

तयारीबद्दल थोडक्यात. मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा आहे. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, हे खरेदीआधीच पाहावं. इंटेलच्या बाजूला सहसा नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर काढून १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर बसवला. यापेक्षा मोठा कूलर घेऊन या प्रोसेसरला फार फायदा होईल असं मला वाटत नाही. सहाही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यावर आहेत. अडचण उष्णता इतक्या छोट्या जागेतून बाहेर काढण्याची आहे, ती बाहेर आल्यावर फेकण्याची नाही.

पहिला प्रयोग सगळे करतात तोच: सगळ्या कोअरना एकच ठरावीक वेग. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगच्या पानांत) मल्टिप्लायर ४६, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या ४६ पट, व्होल्टेज हाताने १.३ च्या जवळ. इथे व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नये, कारण मल्टिप्लायर वाढवला की काही बोर्ड स्वतःहून गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतात. विंडोज सुरू झालं, सिनेबेंच आर२३ या वेगचाचणीचा मल्टीकोअर आकडा वर गेला, मी खूश. मग सिंगल कोअर चाचणी लावली तर आकडा खाली! कारण साधं आहे. मूळ सेटिंगवर एकट्या कोअरला काम असेल तेव्हा हा प्रोसेसर जाहीर ४.६ च्या थोडा वर, ४.६५ पर्यंत जातो. मी त्याला ४.६ वर बांधून ठेवलं होतं. ब्राउझर, फोटो एडिटिंग, बरेचसे गेम यांत एकदोन कोअरचाच वेग कामाला येतो, म्हणजे रोजच्या वापरात मी पदरमोड करून संगणक हळू करत होतो.

वर उष्णता वेगळीच. प्रोसेसर खातो ती वीज साधारणपणे वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा १.१ व्होल्टवर ४.२ चालत होता आणि ४.६ साठी १.३ द्यावे लागले. वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढला, वीज मात्र सुमारे ५३ टक्क्यांनी. हा हिशेब कागदावर एकदा मांडला आणि ठरावीक वेगाचा नाद सोडला. ज्यांचं काम दिवसभर सगळे कोअर भरून टाकणारं आहे, त्यांना कदाचित परवडेल. इतरांनी त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

नव्यांना घाबरवणारी आणखी एक गोष्ट: एचडब्ल्यूइन्फो या तापमान-व्होल्टेज दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हलक्या कामात १.४५ ते १.५ व्होल्ट दिसतात. काही बिघडलेलं नाही. एकदोन कोअर वर झेप घेतात तेव्हा करंट कमी असतो, त्यामुळे एवढं व्होल्टेज चालतं. मात्र तोच आकडा पाहून सगळ्या कोअरना हाताने १.४५ कायमचे देऊ नयेत.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर. पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह) म्हणजे वीज आणि करंटच्या मर्यादा वाढवण्याची सोय. ५६००एक्सला मुळात पीपीटी (एकूण वीज) ७६ वॉट, टीडीसी (सलग करंट) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक कमाल करंट) ९० अँपिअर एवढी मुभा असते. पीपीटी वाढवून पाहिली. एन्कोडिंग किंचित लवकर संपायचं आणि पंखा मात्र ओरडायला लागायचा. परत ७६ वर आणली. कर्व्ह ऑप्टिमायझर हा प्रकार जास्त मजेदार आहे. प्रत्येक कोअर कोणत्या वेगाला किती व्होल्टेज मागतो याचा एक आलेख प्रोसेसरमध्ये असतो. तो खाली किंवा वर सरकवता येतो, प्रत्येक कोअरचा वेगळा, उणे ३० ते अधिक ३०. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट.

सगळ्यांना उणे ३० दिलं. सिनेबेंच तासभर फिरलं, गेम चालले, सगळं झकास. मग एके दिवशी संगणक नुसता उघडा होता, काहीच काम चालू नव्हतं, आणि तो आपोआप रीस्टार्ट झाला. ओव्हरक्लॉकिंगबद्दल सगळ्यात उलटं वाटणारं सत्य हेच: या पद्धतीत संगणक जोराच्या कामात नाही, निवांत असताना कोसळतो. सगळे कोअर राबत असतात तेव्हा विजेच्या मर्यादेमुळे वेग खाली असतो आणि व्होल्टेजला थोडी मोकळीक उरते. हलक्या कामात एकच कोअर क्षणभर कमाल वेगावर उडी मारतो, आणि आपण कमी केलेलं व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. मल्टीकोअर चाचणी कितीही वेळ चालवली तरी हे पकडलं जात नाही.

शोध कसा घ्यायचा? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ची (WHEA-Logger, हार्डवेअरमधल्या चुकांची) नोंद पडते, इव्हेंट क्रमांक १८. कोणत्या थ्रेडवर (कोअरच्या कामाच्या धाग्यावर) चूक झाली त्याचा क्रमांक तिथे असतो. या प्रोसेसरमध्ये कोअरमागे दोन थ्रेड, त्यामुळे शून्य आणि एक हा पहिला कोअर, दोन आणि तीन हा दुसरा, असं मोजत जायचं. नंतर कोअरसायकलर ही स्क्रिप्ट वापरली. ती प्राइम९५ हा प्रोसेसरला राबवणारा चाचणी-प्रोग्रॅम एका वेळी एकाच कोअरवर चालवते, मग पुढच्यावर. रात्री लावून झोपायचं, सकाळी कोण गळाला लागलं ते पाहायचं, त्याचा आकडा दोनतीन पायऱ्या सैल करायचा, पुन्हा लावायचं. सेटिंग बदलायला मिनिट लागतं, खात्री करायला आठवडे. कंटाळा येणारच. ज्यांना या भागात रस वाटणार नाही त्यांच्यासाठी हा उद्योग नाही.

सर्वांत चांगले कोअर सर्वांत जास्त सूट देतील असा माझा अंदाज होता, झालं उलटंच. एएमडीच्या रायझेन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये ज्यांच्यापुढे खूण असते ते दोन उत्तम कोअर आधीच कमी व्होल्टेजवर उंच वेग गाठतात, त्यांच्याकडून आणखी काय काढणार? ते उणे १० च्या आसपास थांबले. मध्यम कोअर उणे २० ते २५ वर स्थिर झाले, आणि यादीत शेवटी असलेला एक उणे ३० वर आजही तक्रार करत नाही.

एक सावधगिरी. कोसळला नाही म्हणजे जमलं, असं नसतं. व्होल्टेज कमी पडलं की प्रोसेसर कधीकधी बंद न पडता आतल्या आत हळू चालतो. दिसणारा वेग ४.६, पण एचडब्ल्यूइन्फोमधल्या ‘इफेक्टिव्ह क्लॉक’च्या ओळीत आकडा बराच खाली. म्हणून प्रत्येक बदलानंतर गुणांकनही पाहावं. आणि चाचण्यांच्या काळात महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, कारण अस्थिर प्रोसेसर न कोसळताही फाइल बिघडवू शकतो.

आता मिळालं काय? ७६ वॉटमध्येच सगळ्या कोअरचा वेग थोडा वर गेला, एन्कोडिंगमध्ये तीनचार टक्के. सिंगल कोअर जवळपास जिथे होता तिथेच. खरी मजा गेममध्ये. तिथे हा प्रोसेसर विजेच्या मर्यादेला भिडत नाही आणि वेग ४.६५ च्या वर जात नाही, मग वाचलेलं व्होल्टेज सरळ कमी उष्णतेत उतरतं. तापमान काही अंशांनी खाली आलं. पंख्याचा आलेख मंद केला, आणि टेबलाखालचा घरघराट गेला.

मधल्या काळात बायोस अपडेट केलं तेव्हा सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि जतन केलेलं प्रोफाइल नव्या आवृत्तीने उघडलंच नाही. बोर्डवाल्यांनी निदान सूचना तरी द्यावी! फोनमध्ये प्रत्येक पानाचा फोटो होता म्हणून काम अर्ध्या तासात आटपलं. रॅमचं एक्सएमपी (जास्त वेगाची तयार सेटिंग) चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, ते आधी स्वतंत्रपणे तपासून घ्यावं. दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा हे कळत नाही. माझी रॅम ३६०० वर आहे, फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा मार्ग) १८०० वर. वॉरंटीचं म्हणाल तर पीबीओमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, मग ते कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून चालू केलेलं का असेना.

सोपा मार्ग हवा असेल तर सगळ्या कोअरना उणे १० द्या, कोअरसायकलर दोनेक रात्री चालवा आणि तिथेच थांबा. बराचसा फायदा एवढ्यातच हाती लागतो.

बूस्टची कमाल मर्यादा २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्याची सोयही आहे. मी ५० देऊन पाहिले. उत्तम कोअरचे उणे आकडे निम्म्यावर आणावे लागले, तापमान पुन्हा चढलं आणि गेममध्ये फ्रेम तेवढ्याच. ती सेटिंग सध्या शून्यावर आहे.