१,८४,२५० रुपये आणि पान १९ वरचा अंगठा

जुने कॉमिक्स म्हणून मी बनावट अंक विकत घेतले, फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग कुणी "पण एकूण गेले किती?" असं हळू आवाजात विचारायला नको. एक लाख चौऱ्याऐंशी हजार दोनशे पन्नास. बयाणा १२,०००. दुसऱ्या दिवशी १,००,०००, कारण माझ्या यूपीआयची रोजची मर्यादा तेवढीच. नसती तर सगळे एकदमच पाठवले असते. तिसऱ्या दिवशी ५०,०००. मग 'पॅकिंग आणि विमा' ३,७५०. आणि शेवटी 'ग्रेडिंग'चे, म्हणजे अंकाची अवस्था तपासून दर्जा ठरवण्याचे, १८,५००. हे शेवटचे मी माल घरात आल्यावर दिले. माल घरात, कपाटात, कुलपात, आणि मी वर पैसे पाठवतोय. बायकोला बाकी सगळं सांगून झालं होतं, हे सांगायला आणखी आठ दिवस लागले.

एवढ्यात काय घेतलं? इंद्रजाल कॉमिक्सचे इंग्रजी अंक, १ ते २२. सगळे वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम.

मला कुणी नवखा समजू नये. मी अकरा वर्षं हे जमवतोय. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाऊन धुळीत बसलोय, रद्दीवाल्यांशी ओळखी ठेवल्यात, घरात तीनशेच्या वर खरे अंक आहेत. मार्च १९६४ मध्ये पहिला अंक निघाला, किंमत ६० पैसे, पहिले बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे, मग मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन यायला लागले, १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर आला, १९९० ला सगळा कारभार बंद झाला. हे मला झोपेतून उठवून विचारा. तरी गेलो. खरं सांगायचं तर म्हणूनच गेलो. विकणाऱ्या माणसानं माझ्या अज्ञानाला हातच लावला नाही, माझ्या माहितीला तूप लावलं. "काका, तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार?" हे वाक्य तो दर फोनला म्हणायचा. कुणी तुम्हाला जाणकार म्हणायला लागलं की आधी पाकीट चाचपा.

सुरुवात नेहमीचीच, तुम्ही ओळखलीच असेल. विक्रीच्या एका ग्रुपवर त्याची ओळख. आधी बहादूरचे तीन अंक, ६५० रुपयांना. अस्सल. मग सहा अंक ४,८०० ला. तेही अस्सल, भाव थोडा जास्तच, पण मी दिला. (हे ५,४५० मी नुकसानीत धरत नाही. गळाला लावलेलं गांडूळ खरंच असतं.) महिन्याभरानं म्हणाला, आमच्या आजोबांचं मिरजेला वाचनालय होतं, वाडा विकायचाय, माळ्यावर एक ट्रंक सापडलीय, सांगू का नको कळत नाही. सांगू का नको! मी त्या रात्री झोपलो नाही.

त्यानं २,१०,००० सांगितले. मी घासाघीस करून १,६२,००० वर आणले आणि वर अभिमानानं मिशीवर हात फिरवला.

पैसे कुठून आले विचाराल तर एक मुदत ठेव मोडली. आणि मोडताना मनात वेताळ नव्हता, भाव होता. ही चूक मूळची. त्यानं मला एक बातमीचं कात्रण पाठवलं होतं: अमेरिकेत सुपरमॅनचा पहिला अवतार असलेला १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, तेव्हाची किंमत १० सेंट, एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेला. बातमी खरी आहे, मी शहानिशा केली होती. शहानिशा केली म्हणून तर जास्त फसलो, कारण ती बातमी खरी निघाली की माणसाला वाटतं बाकीचंही खरं. पण तो सुपरमॅन आहे, त्याच्यामागे जगभरचे गडगंज लोक आहेत. आपला वेताळ कुणाला हवाय? मला हवाय. माझ्यासारख्या पंचावन्न-साठीच्या, चष्मा लावणाऱ्या, लहानपणी दहा पैसे रोजानं अंक भाड्यानं आणणाऱ्या दोन-तीनशे वेड्यांना हवाय. माझ्या मुलाला नकोय. त्यानं 'गुंतवणूक' हा शब्द ऐकून नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं. मी त्याला म्हटलं, तुला नाही कळायचं.

आता शिक्का.

त्यानं फोटो पाठवले, बावीस मुखपृष्ठांचे. प्रत्येकावर उजवीकडे खाली जांभळा गोल शिक्का, 'सार्वजनिक वाचनालय', त्यातला 'वा'चा काना तुटका. क्रमांक १ आणि क्रमांक ७ मी मोबाइलवर बोटानं मोठे करून शेजारी शेजारी बघितले. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते, हे आठवतं, कारण खालच्या मजल्यावरच्यांची बातम्यांची किरकिर बंद झाली होती. दोन्हींवर काना तुटका. मी स्वतःलाच समजावलं: रबरी शिक्का आहे, एकदा तुटला की दर वेळी तुटकाच उमटणार, उलट हाच खरेपणाचा पुरावा. किती हुशार मी! पण शिक्क्याशेजारी शाईचा एक बारीक थेंब होता, मोहरीएवढा. तो दोन्हींवर होता. त्याच जागी. आणि शिक्का दोन्हींवर तेवढाच तिरका. बावीस वेळा हातानं शिक्का मारणारा कारकून बावीस वेळा तोच थेंब कसा सांडेल? मी तो थेंब पाहिला. पाहिला नाही असं म्हणायची सोय नाही. पाहिला, आणि मोबाइल उलटा ठेवून झोपलो.

तिथे थांबलो असतो तर बयाण्याचे १२,००० गेले असते, बस.

दुसरी खूण: यूपीआयवर पैसे पाठवताना नाव एका बाईचं आलं. विचारलं तर म्हणे मावशीचं खातं आहे, माझं केवायसी अडकलंय. खातं ज्याच्या नावाचं, माल त्याच्याच हातात पाहिजे. नसेल तर फोन ठेवून द्या, मावशी गेली खड्ड्यात. तिसरी खूण कुरिअरच्या पावतीवर होती, ठसठशीत छापलेली: 'जुनी पुस्तके, किंमत ५०० रुपये'. विम्याचे ३,७५० घेतले आणि पावतीवर किंमत पाचशे. मी ती पावती नीट घडी करून फायलीत लावली. व्हिडिओ कॉलही झाला होता, त्यात तो पानं भराभर उलटत होता, आणि मी "मधली पिन दाखवा" म्हटलं की नेमकं नेटवर्क जायचं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे पिशव्या. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, मागे पांढरा पुठ्ठा, वर सील. फोनवर म्हणाला, "काका, सील फोडू नका हं, हवा लागली की कागद तुटतो, ग्रेड पडते. दुबईचे एक गिऱ्हाईक साडेतीन लाख द्यायला तयार आहेत, फक्त ग्रेडिंग करून मागतायत. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल, अमेरिकेला पाठवू." आणि १८,५००. मी दिले आणि सील फोडलं नाही. सातवीत असताना वेताळाचा नवा अंक हातात पडला की मी वाचनालयाच्या पायरीवरच वाचून संपवायचो, घरी न्यायला धीर नसायचा. आणि आज बावीस अंक घरात असताना एकोणीस दिवस एकही उघडला नाही. वाचायला घेतले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. मला ते वाचायचेच नव्हते, विकायचे होते.

ग्रेडिंगवाले, खरे असतील तर, अंक हातात घेतात, उघडतात, पानं मोजतात, पिना बघतात आणि त्यानंतर डबीत बंद करतात. सील फोडू नका असं सांगायचं कारण फक्त चोराला असतं.

माणूस आलाच नाही. फोन बंद. विसाव्या दिवशी क्रमांक १ ची पिशवी कात्रीनं फोडली. पहिला वास आला तो चहाचा. जुन्या कागदाला वेगळा वास असतो, थोडा आंबूस, थोडा ट्रंकेचा. हा सरळ कोऱ्या चहाचा. कागद एकसारखा तपकिरी, कडेला आणि मध्ये सारखाच. खरा जुना कागद कडेकडून पिवळा पडत आत जातो. पिना चकचकीत. आणि पिनेभोवती गंजाचा डाग! म्हणजे गंज कागदावर छापलेला आणि पीन दोन मिलिमीटर बाजूला. मग भिंग काढलं, जे पहिल्या दिवशी काढायला हवं होतं. शिक्क्याची जांभळी शाई भिंगाखाली गुलाबी आणि निळ्या ठिपक्यांची निघाली. शिक्क्याची शाई एकरंगी असते, ती कागदात मुरते, कडेला फुटते. दोनशे रुपयांचं भिंग घ्या आणि शिक्का, पेनानं लिहिलेलं नाव, गंज या तीन जागा बघा. ठिपके दिसले की छापील.

आणि पान १९. पानाच्या डाव्या कडेला, खाली, कुणाच्या तरी अंगठ्याचं टोक. नखासकट. ज्या कुणा भल्या माणसानं स्वतःचा अंक हौसेनं फोटो काढून इतरांसाठी ठेवला होता, त्याचा तो अंगठा, पान धरलेला. यांनी तो उतरवून घेतला, छापला, चहात बुडवला आणि मला विकला. साठ वर्षांपूर्वीच्या छापखान्यातून अंगठा छापून आला म्हणायचा! आयुष्यात बऱ्याच जणांनी अंगठा दाखवला, असा रंगीत छापून पहिल्यांदाच.

आता सरकारी दरबार.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, क्रमांक आला. पण पैसे जाऊन तीन आठवडे झालेले. ही सोय पहिल्या काही तासांतली आहे. पैसे पुढच्या खात्यांत उडाले की गोठवायला काही उरत नाही. संशय आला त्या मिनिटाला फोन करा, लाज नंतर वाटून घ्या. मी लाजेपायी आणखी दोन दिवस घालवले, हा भाग माझा.

पण पोलीस ठाणं? पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला दीड तास बाकावर. मग एकानं विचारलं, "काय गेलं?" म्हटलं, कॉमिक्स. "म्हणजे लहान पोरांची पुस्तकं? पावणेदोन लाखांची?" आणि त्यानं पलीकडच्या टेबलावरच्याला हाक मारून तो आकडा पुन्हा माझ्याकडून वदवून घेतला. तिसऱ्या खेपेला सांगण्यात आलं, "काका, माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली? क्वालिटीचा वाद आहे, दिवाणीत जा." मी क्रमांक १ टेबलावर ठेवला, भिंग ठेवलं, अंगठा दाखवला. हवालदारसाहेबांनी पानं चाळली आणि म्हणाले, "छपाई छान आहे की हो."

छपाई छान आहे! हाच तर गुन्हा आहे ना?

घरी येऊन कायदा वाचला. आता ४२० म्हणायचीही सोय राहिली नाही, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) झालंय, सात वर्षांपर्यंत शिक्षा. खोटं सांगून मालमत्ता द्यायला लावणं म्हणजे फसवणूक, बदल्यात रद्दी दिली म्हणून ती कमी होत नाही. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर लेखी अर्ज टपालानं अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवता येतो. तो मी पाठवला, पोच आली, पोचेपलीकडे अजून काही आलेलं नाही. चौथ्या खेपेला ठाण्यातून सल्ला मिळाला, "सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "आधी ठाण्यात जा." मध्ये रिक्षाचे १४० रुपये, तेही हिशोबात धरा.

बँकेचं तर काय सांगू? "सर, व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, पिन तुम्ही टाकलाय." बरोबर आहे. पिन मीच टाकला. पण ज्या मावशीच्या खात्यात तीन दिवसांत एक लाख बासष्ट हजार येऊन लगेच रिकामे होतात, त्या मावशीला तुम्ही कधी विचारलं का, बाई, तुमचा धंदा काय? माझ्या सहीत एक वेलांटी कमी पडली तर चेक परत करता. ग्राहक आयोगाचं (पूर्वीचा ग्राहक मंच) बघितलं, तर समोरच्याचा पत्ता लागतो. पाकिटावरच्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आलो, मिरजेला. तिथे पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्यानं पाणी दिलं आणि सांगितलं, तुम्ही तिसरे.

तिसरे! म्हणजे दोघं माझ्याआधी येऊन, पाणी पिऊन, गप्प घरी गेले. म्हणून मी हे लिहितोय. त्या दोघांपैकी एकानं जरी कुठे दोन ओळी लिहिल्या असत्या तर माझी ठेव शाबूत असती.

काल रात्री दुसऱ्या एका ग्रुपवर क्रमांक १ विक्रीला आलाय. विक्रेत्याचं नाव वेगळं, आजोबा आता साताऱ्याचे. शिक्का तोच, तेवढाच तिरका, शेजारी मोहरीएवढा थेंब. किंमत ९५,०००. मी खाली लिहिलं, "पान १९ चा फोटो टाका." दहा मिनिटांत मला ग्रुपबाहेर काढलं. तोवर चौघांनी 'इंटरेस्टेड' लिहून झालं होतं.