आमच्या मार्गावरची मुक्कामी गाडी: सात वर्षांच्या रोजच्या प्रवासानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून तालुक्याचे ठिकाण 27 किलोमीटरवर आहे. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी सकाळच्या सत्रात शिकवते आणि लॉकडाउनचा काळ सोडला तर गेली सात वर्षे याच मार्गावरच्या एसटी बसने रोज जाते-येते. रात्री गावात मुक्कामाला येणारी गाडी पहाटे सव्वासहाला परत निघते, त्यानंतर दहाची फेरी असते, दुपारी दीडला आणि संध्याकाळी साडेपाचला तालुक्यावरून परतीच्या गाड्या सुटतात. सकाळची गाडी अत्यंत भरवशाची आहे, दुपारची मोलाची असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे आणि संध्याकाळची लवकर सुटते, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

मुक्कामी गाडीचे चालक आणि वाहक समाजमंदिराच्या खोलीत झोपतात. थंडीच्या दिवसांत साडेपाचलाच चालक बादलीभर पाणी घेऊन समोरची काच धुताना दिसतात, आणि गाडीचा आवाज ऐकू आला की पारावर शेकत बसलेली मंडळी पिशव्या उचलतात. आमच्या गावातून निघताना गाडीत पंधरा-वीस माणसे असतात, म्हणजे निम्म्याहून अधिक आसने रिकामी. पुढच्या दोन गावांत दुधाच्या कॅन आणि भाजीची गाठोडी चढतात, आणि मोठ्या फाट्यावर शाळा-कॉलेजची मुले आली की उभे राहायलाही जागा उरत नाही. "मांगं सरका नं माय, अजून फाट्यावरचे पोट्टे घ्याचे आहे," हे वाहकाचे वाक्य ऐकल्याशिवाय आमची सकाळ होत नाही. शेवटच्या नऊ-दहा किलोमीटरमध्ये साठ-सत्तर माणसे असतात आणि ती सगळीच्या सगळी तालुक्याच्या बसस्थानकावर उतरतात.

या शेवटच्या गोष्टीमुळेच ग्रामीण मार्गाचा हिशेब शहरी मार्गाहून वेगळा करावा लागतो. नागपूरला मुलाकडे गेले की मी मोरभवन बसस्थानकावरून शहर बसने फिरते. तिथे एक प्रवासी सीताबर्डीला बसतो, चार थांब्यांनंतर उतरतो आणि त्याच आसनावर लगेच दुसरा बसतो, त्यामुळे एकाच फेरीत एक आसन दोन-तीन वेळा विकले जाते. सकाळी दोन्ही दिशांना कामावर जाणारे लोक असल्याने गाडी जाताना भरते तशी येतानाही बऱ्यापैकी भरते. आमच्याकडे सकाळी सगळे गाव तालुक्याकडे जाते आणि उलट दिशेच्या गाडीत शिक्षक, ग्रामसेवक, एखादी आरोग्यसेविका एवढेच प्रवासी असतात. आगारात प्रत्येक फेरीचे भारमान, म्हणजे उपलब्ध आसनांच्या तुलनेत झालेला प्रवास, काढले जाते. अर्धी वाट रिकामी आणि अर्धी वाट खच्चून भरलेली गाडी त्या आकड्यात मध्यम दिसते. फाट्यापुढे दारात लटकलेली मुले त्यात दिसत नाहीत.

गर्दी दिवसागणिक कशी बदलते, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येणार नाही. बुधवार हा बाजाराचा दिवस, तेव्हा दहाच्या गाडीला टोपल्या आणि कोंबड्यांसह प्रवास करावा लागतो. निराधार योजनेचे किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाल्याची बातमी पसरली की दुसऱ्या दिवशी बँकेत जाणाऱ्या वृद्धांनी गाडी भरते, आणि 2024 च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यानंतरही तसेच चित्र दिसते. कापसाच्या वेचणीत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, मजूर शेतातच असल्याने मधल्या फेऱ्या ओस पडतात. एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 वर गेला की दुपारच्या गाडीत चिटपाखरू नसते, मात्र लग्नाची तीथ असेल तर त्याच गाडीत वऱ्हाड मावत नाही. या साऱ्याची सरासरी काढून वर्षभराचे वेळापत्रक ठरवणे मला पटत नाही. वाहकांना हे दिवस तोंडपाठ असतात. वेळापत्रक करताना त्यांना विचारले जावे.

एसटीच्या सवलतींनी प्रवाशांचे स्वरूपच बदलले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. त्याआधी दवाखान्याचे काम असले तरी घरातला पुरुष एकटा जाऊन औषध घेऊन यायचा, कारण दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे परवडत नसे. आता सकाळच्या गाडीत पुढची पाच-सहा आसने बायकांची असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणी एकट्या निघालेल्या असतात. आमच्या शेजारचे आजोबा आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतात. वाहकाने यंत्रातून काढून दिलेले शून्य रुपयांचे तिकीट ते तितक्याच काळजीने त्याच पिशवीत घालतात आणि उतरेपर्यंत खिशावर हात ठेवून बसतात.

दुपारी दीडच्या गाडीबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे. तिच्यात सरासरी बारा-पंधरा माणसे असतात, आणि कमी भारमानाची फेरी म्हणून बंद करण्याची चर्चा प्रथम तिचीच होते. परंतु त्या बारा-पंधरांत सकाळच्या सत्रातल्या सात-आठ मुली असतात. दुपारी परत येण्याची खात्री असते म्हणून त्यांचे आईवडील त्यांना पहाटे सव्वासहाच्या गाडीत बसवतात. मागच्या पावसाळ्यात ही फेरी तीन आठवडे बंद होती, तेव्हा माझ्या वर्गातल्या फाट्यापलीकडच्या चार मुली येईनाशा झाल्या आणि फेरी पुन्हा सुरू झाल्यावर त्यांतल्या तिघी परत आल्या. म्हणजे दुपारची रिकामी दिसणारी गाडीच सकाळची गाडी भरते. एका फेरीचे भारमान न पाहता माणसाचे जाणे आणि येणे मिळून हिशेब झाला, तर ही फेरी तोट्याची ठरणार नाही.

पर्याय म्हणून लोक काळी-पिवळीचे, म्हणजे खासगी प्रवासी जीपचे, नाव घेतात. 2021 च्या नोव्हेंबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत बस कर्मचाऱ्यांचा संप सुरू असताना आम्ही तिनेच प्रवास केला, आणि तिने गाव अडू दिले नाही हे मान्यच केले पाहिजे. पण ती भरल्याशिवाय निघत नाही, तिथे कोणतीही सवलत चालत नाही, आणि एकदा पुढे सवारी कमी आहे म्हणून आम्हा तिघींना वाटेतच उतरवून दिल्याने उरलेले सहा किलोमीटर भर उन्हात चालत यावे लागले होते.

संध्याकाळची गाडी साडेपाचऐवजी सव्वासहाला सोडली, तर दुकानांत काम करणारी मुले आणि पाच वाजता सुटणारे कार्यालयीन कर्मचारी तिच्यात धावपळ न करता येतील. आज त्यांतले अनेकजण रात्रीच्या मुक्कामी गाडीची दोन तास वाट पाहत स्थानकावर बसतात.

या मार्गावर नव्याने येणाऱ्यांसाठी एवढे सांगते: बसायला जागा हवी असेल तर सकाळी फाट्यावर न चढता दोन गावे मागे येऊन चढावे, बुधवारी दहाची गाडी टाळावी, सुटे पैसे जवळ ठेवावेत, आणि बाजार आटोपला की साडेपाचची वाट न पाहता दीडच्या गाडीने परतावे. तिच्यात खिडकीची जागा हमखास मिळते, आणि तिच्या भारमानात तुमचीही भर पडते.